एक लॉग फाइल, अनेक प्रोसेस: मूळ दुखणं कुठलं?

एका ॲप्लिकेशनच्या सात-आठ प्रोसेस (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) एकाच लॉग फाइलमध्ये, म्हणजे कामकाजाच्या नोंदवहीत, लिहू लागल्या की ओळी तुटतात, हरवतात, कधी दिवसभराचा लॉगच नाहीसा होतो. दोष सहसा एकाच वेळी लिहिण्यावर जातो. पण लिहिण्याचा प्रश्न कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, १९८०च्या दशकातच सोडवला आहे. आज मोठं नुकसान होतं ते रोटेशनमध्ये, म्हणजे भरलेली फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करण्यात.

प्रश्न यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमइतकाच जुना. पीडीपी-७ या जुन्या संगणकावरच्या यूनिक्समध्ये फाइलमध्ये कुठवर लिहून झालं, म्हणजे ऑफसेट किती, याची नोंद प्रोसेसपाशीच असे. फोर्क, म्हणजे एका (पॅरेंट) प्रोसेसमधून दुसरी (चाइल्ड) काढण्याची सोय, आल्यावर यातली खोट उघडी पडली: एलएस (फाइलींची यादी) आणि हू (लॉग-इन केलेल्यांची यादी) या दोन कमांड असलेल्या स्क्रिप्टचं आउटपुट फाइलकडे वळवलं, की हूचं आउटपुट एलएसच्या आउटपुटवरच लिहिलं जाई. यूनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी हा किस्सा नोंदवून ठेवला आहे. मग उघड्या फाइलींच्या ऑफसेटसाठी कर्नलमध्ये वेगळं टेबल आलं आणि पॅरेंट व चाइल्ड प्रोसेसचा ऑफसेट एकच झाला. अपाचे या वेब सर्व्हरची पॅरेंट प्रोसेस लॉग आधी उघडते आणि मग चाइल्ड प्रोसेस काढते, तेव्हा आजही हीच सोय कामी येते.

पण दोन प्रोसेसनी फाइल आपापली उघडली तर? यूनिक्सच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीत आधी एलसीक या कॉलने फाइलच्या शेवटापाशी जायचं आणि मग राइट करायचं, एवढाच मार्ग होता. या दोन पावलांच्या मध्ये दुसरीने लिहिलं, की तिची ओळ पुसली गेलीच. फाइल उघडताना द्यायच्या ओ-अपेंड फ्लॅगने ही दोन पावलं कर्नलमध्ये एकत्र केली. १९८३च्या ४.२ बीएसडी या यूनिक्सच्या आवृत्तीत तो होता, १९८८च्या पॉझिक्स या प्रमाणकातही आला. अपवाद एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या प्रोटोकॉलचा: त्यात अपेंड, म्हणजे शेवटी जोडणं, नाहीच, क्लायंट ते नुसतं भासवतो, त्यामुळे दोन मशीनवरून लिहिलं तर फाइल बिघडू शकते.

तरीही ओळी तुटतात, त्या बफरमुळे, म्हणजे लिहायचा मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या मेमरीमुळे. सी लायब्ररी टर्मिनलवर ओळीओळीने लिहिते, पण फाइलकडे बफर भरल्यावरच, लिनक्सवर बहुधा ४०९६ बाइटना. ओळ १२० बाइटची असेल तर ३४ ओळी पूर्ण जातात आणि ३५वीचे पहिले १६ बाइट. उरलेले १०४ पुढच्या खेपेला, आणि मध्ये दुसऱ्या प्रोसेसचा मजकूर घुसलेला. एक ओळ म्हणजे एकच राइट, एवढी शिस्त पाळली की लोकल डिस्कवर हा त्रास राहत नाही. इथे ४०९६ची आणखी एक समजूत पसरली आहे: तेवढ्या आकारापर्यंतचं राइट अखंड राहतं, ही. तो नियम पाइपचा (एका प्रोसेसचं आउटपुट दुसरीकडे नेणाऱ्या वाहिनीचा) आहे, फाइलचा नाही.

एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या मेल सर्व्हरसोबत सिसलॉग हा लॉगिंगचा प्रोग्रॅम लिहिला, त्यात लिहिणारी प्रोसेस एकच ठेवली होती. बाकीच्यांनी तिच्याकडे संदेश पाठवायचे. माझ्या मते ही रचना अजूनही सर्वांत भक्कम आहे. पुढे लॉगिंग लायब्ररी आल्या आणि त्यांनी रोटेशनही ॲप्लिकेशनच्या आत आणलं. गाडी रुळावरून घसरली ती इथे.

पायथनचा रोटेटिंग-फाइल-हँडलर घ्या, जो ठरावीक आकार झाला की रोटेशन करतो. आठ वर्कर प्रोसेस, जुन्या फाइलींचे पाच बॅकअप (.१ ते .५). लॉग भरला, पहिल्या वर्करने त्याला .१ नाव देऊन नवी फाइल उघडली. यूनिक्सवर नाव बदललं तरी उघडं हँडल जुन्याच फाइलला चिकटून राहतं, म्हणून दुसरा वर्कर त्या भरलेल्या फाइलमध्येच लिहितो. त्याच्या लेखी मर्यादा ओलांडलेली, म्हणून तोही रोटेशन करतो: भरलेली फाइल .२ होते, पहिल्याची जेमतेम सुरू झालेली .१. असं एकेक करत सहाव्या रोटेशनला भरलेली फाइल डिलीट होते आणि हाती उरतात जवळजवळ रिकाम्या पाच. विंडोजवर दुसऱ्याने उघडलेल्या फाइलचं नावच बदलता येत नाही, तिथे परवानगीची एरर येते. अनेक प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये लिहिण्याला आधार नाही, हे पायथनचं डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं. जावातल्या लॉगबॅक लायब्ररीने अनेक प्रोसेससाठीच्या प्रूडंट मोडमध्ये प्रत्येक नोंदीला फाइल लॉक घेतला, पण त्यांच्याच अंदाजाने खर्च साधारण तिप्पट झाला, आणि त्या मोडमध्ये जुन्या फाइली कॉम्प्रेस करता येत नाहीत.

लॉगरोटेट या रोटेशनच्या टूलचा कॉपीट्रंकेट पर्याय, म्हणजे कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणं, सोपा दिसतो. पण कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मध्ये आलेल्या ओळी जातातच. शिवाय प्रोसेसने ओ-अपेंडशिवाय फाइल उघडली असेल तर तिचा ऑफसेट जागचा हलत नाही: २ जीबीची फाइल शून्यावर आणली तरी पुढची ओळ २ जीबीच्या जागीच पडते आणि आधीचा भाग नल (शून्य) बाइटचा दिसतो. एलएस २ जीबी दाखवतो, डिस्कवर खरी व्यापलेली जागा दाखवणारा डीयू काही केबी.

म्हणून फाइलच ठेवायची असेल तर रोटेशन ॲप्लिकेशनमधून काढून लॉगरोटेटकडे द्यावं, जुन्या फाइलचं नाव बदलून नवी तयार करणाऱ्या क्रिएट पर्यायासह. पायथनमध्ये प्रत्येक वर्करला वॉच्ड-फाइल-हँडलर लावावा. तो दर नोंदीआधी आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) तपासतो आणि बदललेला दिसला की फाइल पुन्हा उघडतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मास्टर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल पाठवला की तेच होतं. सोबत डिलेकॉम्प्रेस (कॉम्प्रेस करणं पुढच्या रोटेशनपर्यंत लांबवणं) हवंच, कारण निवांत बसलेला एखादा वर्कर पुढची नोंद येईपर्यंत जुनीच फाइल धरून असतो.