गळाला लागलेल्या माशाच्या पोटातली हवा

उथळ खाडीत छोटी नाव नांगरली, एकाच दोरीवर दोन-तीन गळ बांधून ती तळापर्यंत सोडली, की हाती येणारी मासळी क्वचितच एका जातीची असते. ढोमा येतो, शिंगाळा येतो, खडकाजवळ असाल तर गोबरा, चिखलावर असाल तर लेप किंवा एखादा लहान पाकट. आमिष तेच, खोली तीच, वर ओढणारा हातही तोच. तरीही नावेत आल्यावर प्रत्येकाची अवस्था वेगळी असते. 15 मीटरवरून आलेल्या गोबऱ्याचं पोट टम्म फुगलेलं असतं, डोळे खोबणीतून पुढे आलेले असतात आणि तोंडात एक गुलाबी मांसल गोळा दिसतो. शेजारी पडलेला लेप मात्र खाली जसा होता तसाच वर आलेला असतो. ढोमा आणि शिंगाळा चक्क आवाज करत असतात.

या सगळ्या फरकांचं मूळ बहुतांशी एकाच अवयवात आहे. तो म्हणजे वाताशय, माशाच्या पाठीच्या कण्याखाली असलेली हवेची पिशवी. मिश्र मासळी समजून घ्यायची तर रंग, खवले, शेपटी यांच्याआधी या पिशवीकडे पाहावं, असं मला वाटतं.

माशाचं मांस आणि हाडं मिळून समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण 5 टक्के जड असतात. म्हणजे काहीच केलं नाही तर मासा बुडणार. न बुडण्यासाठी सतत पोहत राहायचं, नाहीतर शरीरात तेवढी हलकी जागा तयार करायची. समुद्री माशात वाताशय शरीराच्या सुमारे 5 टक्के जागा व्यापतं, गोड्या पाण्यातल्या माशात सुमारे 7 टक्के, कारण गोडं पाणी कमी घन असल्यामुळे तरंगायला अधिक मदत लागते. नदीचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे राहणाऱ्या माशाला या दोन्ही हिशेबांत बसावं लागतं.

हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. अडचण इथेच आहे. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं. आता खाली 15 मीटरवर स्थिर असलेला गोबरा घ्या. तिथे दाब अडीच वातावरणं, पृष्ठभागावर एक. त्याच्या वाताशयातली हवा वर येईपर्यंत अडीचपट व्हायला पाहते. शरीराचा 5 टक्के भाग असलेली पिशवी 12 टक्क्यांवर गेली, तर पोटात तेवढी जागा कुठून येणार? मग ती जठराला पुढे ढकलते, आणि जठर उलटं होऊन तोंडात येतं. तोच तो गुलाबी गोळा.

हा त्रास फक्त खोल समुद्रातल्या माशांना होतो, असा समज सरसकट आढळतो. तो बरोबर नाही. 40 मीटरवरून 30 वर येताना हवा सव्वापट होते, 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. प्रमाणाने पाहिलं तर सगळ्यात मोठा बदल वरच्या 10 मीटरमध्येच होतो, आणि छोट्या नावेची मासेमारी बरीचशी त्याच पाण्यात चालते.

भरती-ओहोटीसुद्धा या पिशवीला जाणवते. ओहोटीला 7 मीटर पाण्यात तळालगत स्थिर असलेला मासा पाणी 3 मीटर चढेपर्यंत तिथेच थांबला, तर त्याचं वाताशय सुमारे 15 टक्क्यांनी आकसतं. मग एकतर त्याने पाण्याबरोबर वर सरकायचं, नाहीतर पिशवीत नवा वायू भरायचा. खाडीतले काही मासे भरतीबरोबर उथळ भागाकडे सरकतात त्यामागे अन्न हे मोठं कारण आहे, पण आपल्या दाबाच्या पट्ट्यात राहणं त्यांच्या शरीराला सोपंही पडतं.

वायू भरण्याची पद्धत दोन प्रकारची. तारली, शिंगाळा यांच्या वाताशयातून अन्ननलिकेकडे किंवा जठराकडे जाणारी नळी असते, त्यामुळे जास्तीचा वायू त्यांना बराचसा सोडून देता येतो. गोबरा, तांब, ढोमा यांची पिशवी बंद असते. त्यांना प्रत्येक थेंब वायू रक्तातून आणावा लागतो आणि रक्तातच परत द्यावा लागतो. पिशवीच्या भिंतीतली ग्रंथी आम्ल सोडते, त्याने रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून देतं (हा गुण रूट या शास्त्रज्ञाने 1931 मध्ये वर्णन केला), आणि समोरासमोर वाहणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तो ऑक्सिजन निसटू न देता साठवत नेतं. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-बातिस्त बियो यांनी 1807 मध्येच नोंदवलं होतं की खोल पाण्यातल्या माशांच्या वाताशयात बहुतांश ऑक्सिजन असतो. तो तिथे कसा येतो हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. हे काम नेमकं असतं, पण संथ. वायू शोषून घ्यायला तास लागतात. म्हणूनच दोरी सावकाश ओढली की मासा सावरतो, ही समजूत फोल आहे. गळावरची दोन-तीन मिनिटं त्याच्या दृष्टीने काहीच नाहीत.

लेपाला हा प्रश्नच नाही. बाल्यावस्थेत लेपासारख्या अनेक चपट्या माशांना वाताशय असतं, पण तळाशी आडवं राहायची वेळ आली की ते नाहीसं होतं. ज्याला चिखलावर पडून राहायचं आहे त्याला जडपणाच सोयीचा. पाकट आणि मुशी यांच्या कुळात वाताशय कधी नव्हतंच. त्यांची कूर्चा हाडांपेक्षा हलकी, आणि यकृतात तेल साठवलेलं. तेल हवेसारखं फुगत नाही, त्यामुळे खालून वर येताना त्यांच्या शरीरात अशी उलथापालथ होत नाही.

ऐकण्याचंही तेच. ध्वनीची लाट आली की हवेची पिशवी थरथरते, आणि ती थरथर कानापर्यंत पोहोचली तर माशाला खूप जास्त ऐकू येतं. शिंगाळ्याच्या कुळात वाताशयापासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर यांनी ती 1820 मध्ये दाखवली. मासे ऐकतात की नाही यावर पुढे शंभर वर्षं वाद चालू राहिला. 1923 मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी याच गटातल्या एका आंधळ्या माशाला खाणं देताना शिट्टी वाजवायची सवय लावली. काही दिवसांनी नुसत्या शिट्टीवर तो, ज्या नळीत लपून राहायचा तिच्यातून, बाहेर येऊ लागला. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडणारे आणि 1973 मध्ये नोबेल मिळालेले फ्रिश ते हेच. तारलीच्या वाताशयातून हवेच्या बारीक नळ्या थेट कवटीत जातात, तिचे कान आणखी तिखट. वाताशय नसलेल्या लेपाला मात्र फक्त खालच्या सुरातले आवाज जाणवतात.

नावेत याचा उपयोग होतो. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर जवळजवळ सगळा परावर्तित होतो, हजारातला एखादा भाग खाली उतरतो, त्यामुळे आपसात हळू बोलल्याने मासे पळत नाहीत. पण नावेच्या तळाशी वल्हं आपटलं, नांगराची साखळी घासली, की तो आवाज थेट पाण्यात शिरतो आणि सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने पसरतो. तारलीचा थवा क्षणात खाली जातो. लेप जागचा हलत नाही. अशा गोंगाटानंतर गळाला फक्त तळाचीच मासळी लागू लागली, तर खाडीत दुसरं काही नाही असं समजू नये.

मासे दाखवणारं यंत्रही अशीच अर्धी गोष्ट सांगतं. ते खाली ध्वनी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर मांडतं. नॉर्वेच्या ओस्कार सुन्द यांनी 1935 मध्ये कॉड माशांचे थवे अशा नोंदीत दाखवले, आणि मत्स्यविज्ञानात ही पद्धत रुजली. वाताशय असलेल्या माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा 90 टक्क्यांहून अधिक भाग त्या हवेचा असतो, मांसाची घनता पाण्याच्या इतकी जवळ आहे की ते जेमतेम दिसतं. पडद्यावर मासा कमानीच्या आकारात उमटतो, ती खरं तर वाताशयाचीच कमान. तळाला चिकटलेला लेप किंवा पाकट तिथे जवळपास उमटतच नाही.

ढोम्याचा आवाज हीसुद्धा याच पिशवीची करामत. पिशवीच्या बाजूंना लागून असलेले स्नायू झपाट्याने आकसतात आणि ती घुमते. विणीच्या काळात ढोम्याच्या कुळातले मासे एकत्र घुमू लागले की लाकडी नावेच्या तळातून तो आवाज ऐकू येतो. मलेशियात पाण्यात डोकं घालून हा आवाज ऐकत थव्याची दिशा सांगणारे जाणते कोळी असत. नावेतला ढोमा जो आवाज करतो तो धोक्याच्या वेळचा. शिंगाळाही वाताशय घुमवतो, शिवाय छातीचे काटे सांध्यात घासून किरकिरतो. तो सोडवताना हात जपावा, त्या काट्यांना विष असतं.

आता लहान म्हणून परत सोडायच्या माशांकडे येऊ. फुगलेला गोबरा पाण्यात टाकला की तो पोट वर करून तरंगतो, खाली जाऊ शकत नाही, आणि पक्ष्यांना सोपा सापडतो. त्याला सोडलं असं आपण म्हणतो, पण त्याचा जीव वाचलेला नसतो. तोंडातला गोळा वाताशय समजून तो टोचणारे लोक आहेत, आणि हे मला फार लागतं, कारण ते जठर असतं. छिद्र जठराला पडतं, हवा तशीच राहते. बाजूने सुई घालून वाताशय रितं करता येतं, पण नेमकी जागा ठाऊक नसेल तर त्यात आतले अवयव फाटतात. त्यापेक्षा माशाला दाबात परत नेणं सोपं. उलटं टोक घासून काढलेला गळ जड शिशाबरोबर उलटा बांधायचा, तो खालच्या ओठात अडकवायचा, मासा जिथून आला तिथवर, ते जमलं नाही तर निदान अर्ध्या खोलीपर्यंत सोडायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. हवा पुन्हा आकसते, जठर आत जातं, डोळे मागे सरतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या रॉकफिश माशांवर हे तपासलेलं आहे. वर मेल्यागत दिसणारे त्यातले अनेक मासे खाली पोहोचल्यावर स्वतः पोहत निघून जातात.

दोन गळांवर एकदम दोन लहान मासे आले, एक गोबरा आणि एक लेप, तर आधी गोबरा खाली पाठवावा. लेप तेवढा वेळ ओल्या कापडाखाली थांबू शकतो, आणि नंतर त्याला नावेच्या कडेवरून नुसता पाण्यात ठेवला की तो आपला आपण तळ गाठतो.