ताटातला काटा दिसेल असा दिवा

गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाची जागा म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधला आठ बाय सात फुटांचा तुकडा. भिंतीला टेकवलेलं चार माणसांचं टेबल, वर पंखा, आणि हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले चार पांढरे पॅनेल लाइट. राहायला आलो त्याच आठवड्यात एका रात्री पेडवे मासे आणून त्यांचं सुकं केलं होतं. आईनं ताट जवळ ओढलं, मान खाली घातली, ताट जरा तिरकं करून पाहिलं आणि शेवटी ते उचलून ओट्यापाशी गेली. "अगो, उजवाड भरपूर आहे, पण काटाच दिसत नाही," ती म्हणाली.

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सगळे दिवे हॉलच्या बाजूला, म्हणजे तिच्या पाठीमागे. टेबल भिंतीला लागून असल्यामुळे तिच्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली नेमकी ताटावर पडत होती. छोट्या जागेत हे हमखास होतं. खोलीचा दिवा खोलीच्या मध्यावर असतो, टेबल मात्र कोपऱ्यात जातं, आणि जेवणारा माणूस त्या दोघांच्या मध्ये बसतो.

काट्याचं आणखी एक आहे. माशाचा काटा अर्धपारदर्शक, पांढुरका आणि तोही पांढुरक्या मांसात. रंगानं तो वेगळा उठून दिसतच नाही. डोळ्याला तो कळतो तो दोन खुणांवरून: त्याच्या कडेवर चमकणारी बारीक रेघ आणि तिच्या शेजारी पडणारी बारीक सावली. या दोन्ही खुणांसाठी प्रकाश एका ठरावीक दिशेनं यावा लागतो. मोठ्या पांढऱ्या पॅनेलमधून आणि छताभिंतींवरून परतून येणारा प्रकाश चहूकडून येतो, सगळ्या सावल्या भरून टाकतो आणि ताटातला उठाव पुसतो. खोली उजळ दिसते, मासा मात्र सपाट दिसतो. ताटावर वरून, टेबलाच्या मध्यावरून येणारा प्रकाश हवा, हे आईच्या एका वाक्यातून आमच्या लक्षात आलं. दुकानात गेल्यावर आपण दिव्याचं रूप पाहतो. आधी पाहायची ती त्याची जागा.

जागेचा हिशोब सोपा आहे. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की पृष्ठभागावर पडणारा उजेड चौथाई होतो. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. साधी मेणबत्ती एक मीटरवर धरली तर साधारण १ लक्स मिळतो. जेवणाच्या ताटावर २०० ते ३०० लक्स असले की छान दिसतं. आता खालच्याच बाजूला प्रकाश टाकणारा ८०० लुमेनचा एक दिवा घ्या (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप). तो छतावर, म्हणजे टेबलापासून २ मीटरवर लावला तर त्याच्या बरोबर खाली ढोबळमानानं ६५ लक्स मिळतात. तोच दिवा लोंबता करून टेबलापासून ८० सेंटिमीटरवर आणला की ४००. सव्वासहापट फरक, आणि विजेचं बिल तेवढंच. म्हणून टेबलावर खाली टांगलेल्या दिव्यात ६-७ वॅटचा एलईडी पुरतो. छतावरून तेवढाच उजेड ताटावर आणायचा तर कितीतरी जास्त वॅट जाळावे लागतील, आणि मग डोळे दिपतील ते वेगळंच.

आईसाठी मी थोडा जास्तच उजेड ठेवला. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर, धूसर होतं. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असतो. एकाच टेबलावर नातू आणि आजी बसलेले असतात तेव्हा दोघांना एकच ताट वेगवेगळं दिसत असतं. घरातल्या सर्वांत थकलेल्या डोळ्यांना विचारून दिवा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण थकलेल्या डोळ्यांनाच झगमगाटाचा त्रासही जास्त होतो. लोंबत्या दिव्याची खरी परीक्षा इथेच आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर असतात. टेबल ७५ सेंटिमीटर उंच आणि शेडची खालची कड त्यावर ८० सेंटिमीटर धरली, तर कड डोळ्यांच्या ३५ सेंटिमीटर वर येते. माणूस टेबलाच्या मध्यापासून ६० सेंटिमीटरवर बसला आहे आणि शेडचा व्यास ३५ सेंटिमीटर आहे असं धरून मी कागदावर रेघ ओढून पाहिली. बल्बचं खालचं टोक शेडच्या कडेपासून १४-१५ सेंटिमीटर आत असेल तर ते बसलेल्या माणसाला दिसत नाही. दुकानात टांगलेल्या बहुतेक उथळ, थाळीसारख्या शेडमध्ये बल्ब खाली डोकावत असतो. तिथे आपण उभे राहून वरून-समोरून पाहतो म्हणून ते जाणवत नाही. शेड पसंत पडली की दुकानातच खुर्ची मागून घ्या, खाली बसा आणि वर बघा. उथळ शेडच आवडली असेल तर निदान दुधी काचेचा बल्ब घ्या.

झगमग कमी करायची जुनी युक्ती गोव्याच्या घरांत आधीपासूनच आहे. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले आपण पाहिलेले असतात. हा शिंपला म्हणजे प्लाकुना प्लासेंटा. झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत तो अजूनही सापडतो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्याच्या कवचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅल्साइटच्या अतिशय पातळ थरांचं बनलेलं हे कवच दृश्य प्रकाशातला सुमारे ८० टक्के प्रकाश पलीकडे जाऊ देतं. पण थरांतून जाताना तो प्रकाश विखुरतो. बाहेरचं ऊन आत येतं, सूर्याचा गोळा मात्र डोळ्यात घुसत नाही. दुपारच्या जेवणाला अशा खिडकीजवळ बसलेल्या माणसाला तो मऊ उजेड वर्षानुवर्षं लक्षात राहतो. आज अशाच शिंपल्यांच्या दिव्याच्या शेड विकायला येतात. आपल्या खाडीतल्या या शिंपल्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून शेड घेताना शिंपला कुठून आला ते जरूर विचारा. दुधी काच किंवा जाड कागदही तेच काम करतात, मात्र शेडच्या बाजूंना. खालचं तोंड उघडं हवं, नाहीतर ताटावरचा दिशेचा प्रकाश जातो आणि काटा पुन्हा हरवतो.

आता पंख्याचं. गोव्यात जेवणाच्या टेबलावर पंखा नको असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या वायरमननं आधी सुचवलं होतं की पंख्याच्या वर, छतालाच दोन स्पॉटलाइट लावू. लावून पाहिले. पंखा जोरात फिरू लागला आणि दोन मिनिटांत सगळ्यांची डोकी भणभणली. कारण मोजून पाहता येतं. पंखा मिनिटाला ३५० फेरे घेतो, पाती तीन. म्हणजे प्रकाश मिनिटाला १०५० वेळा, सेकंदाला सतरा-अठरा वेळा कापला जातो. उजेडाच्या थरथरीला आपले डोळे सर्वांत जास्त संवेदनशील असतात ते सुमारे १० ते २० वेळा प्रतिसेकंद या टप्प्यातच. आमचा पंखा जणू मुद्दाम तिथेच बेतून बसवला होता! दिवा पात्यांच्या खाली किंवा पात्यांच्या घेराच्या पूर्ण बाहेर असला पाहिजे, याला दुसरा उपाय नाही. आम्ही पंखा दोन फूट हॉलकडे सरकवला आणि टेबलावर लोंबता दिवा घेतला. शेड हलकी कागदी असती तर वाऱ्यानं झुलली असती आणि सगळ्या सावल्याही तिच्याबरोबर झुलल्या असत्या. थोडी वजनदार घेतली.

स्वस्त एलईडीची थरथर वेगळी. घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा) दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. ते डोळ्याला दिसत नाही, पण काहींना त्यानं डोकेदुखी होते. दुकानात पेटलेल्या बल्बवर फोनचा स्लो मोशन कॅमेरा धरा. पडद्यावर उजेड धडधडताना दिसला तर तो बल्ब परत ठेवा.

यानंतर रंग. जेवणाच्या दिव्यात मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग हाच. हुमणाचा, म्हणजे आमच्या माशाच्या कालवणाचा, लाल रंग ब्याडगी मिरचीचा. ती मिरची निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि गडद तांबडा परत पाठवते. सोलकढीचा गुलाबी रंग कोकमातल्या अँथोसायनिनचा. तिला सुंदर दिसायला तांबडा आणि निळा दोन्ही लागतात. पण दिव्याच्या प्रकाशात मुळात तांबडा नसेल तर मिरची परत तरी काय पाठवणार? पांढरा एलईडी आतून निळा असतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा) लेप देऊन पांढरा प्रकाश तयार करतात, आणि स्वस्त लेपात गडद तांबडा नेमका तोकडा पडतो. मग हुमण विटकरी दिसतं आणि सोलकढी राखाडी.

खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. १०० म्हणजे रंग जसेच्या तसे. तो काढताना रंगांचे ८ नमुने धरतात आणि ते सगळे फिकट असतात. गडद तांबड्याचा नमुना नववा, आर९. तो त्या सरासरीत नाही. म्हणून ८० सीआरआयचा बल्ब कागदावर पास होतो आणि आमच्या कालवणात नापास. ९० किंवा जास्त सीआरआयचा घ्या, आर९ लिहिलेला असेल तर तो ५० च्या वर आहे ना ते पाहा. असा बल्ब थोडा महाग पडतो. घरातल्या इतर दिव्यांवर हे पैसे नाही घातले तरी चालतील, या एका दिव्यावर घालावेत.

प्रकाश उबदार की थंड, हे केल्विनमध्ये लिहितात. समईच्या ज्योतीचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपास, जुन्या पिवळ्या बल्बचा २७००, आणि 'कूल डेलाइट' म्हणून विकतात तो ६५००. आपल्याकडे पांढरं म्हणजे चांगलं, स्वच्छ, अशी समजूत घट्ट आहे. पण ६५०० च्या निळसर उजेडात हळदीची पिवळी कढी हिरवट झाक घेते. शिवाय आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहण्यापेक्षा मेंदूला दिवस-रात्र कळवण्याचं काम करतात. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. रात्री साडेनऊला जेवणाऱ्या घरात त्यांना दुपार झाल्याचं सांगू नये. २७०० किंवा ३००० केल्विन घ्या.

उबदार रंगाचा आणखी एक फायदा पहिल्या पावसाच्या रात्री कळतो. वाळवीचे पंखवाले किडे झुंडीनं येतात, आणि टेबलावर लोंबता दिवा म्हणजे किड्यांना थेट कालवणात उतरायचा जिना. निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे कीटक जास्त ओढले जातात, पिवळसर दिव्याकडे कमी. ते दिव्याभोवती का फिरतात याचं चांगलं स्पष्टीकरण २०२४ मध्ये पुढे आलं. उडताना कीटक आपली पाठ उजळ बाजूकडे ठेवतात. निसर्गात ती बाजू म्हणजे आकाश. दिवा जवळ आला की ते त्यालाच आकाश समजून पाठ वळवतात आणि गिरक्यांत अडकतात. अशा रात्री जेवणाचा दिवा दहा मिनिटं बंद करून बाल्कनीतला लावायचा आणि खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं, ही जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली. शेडचं वरचं तोंड बंद असेल तर मेलेले किडे आत साठत नाहीत, तेही घेताना पाहून घ्या.

धातूबद्दल थोडक्यात. इथली खारी, दमट हवा लोखंडी शेड दोन पावसाळ्यांत खाते आणि गंजाचा चुरा टेबलावर पडतो. वेत आणि बांबू दिसायला देखणे, पण पावसाळ्यात त्यांना बुरशी येते. पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियम, काच, चिनी माती किंवा पितळ घ्या. पितळ काळवंडतं खरं, पण आमसुलाच्या पाण्यानं पुसलं की त्यातलं आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं आणि ते पुन्हा सोन्यासारखं होतं. समया आणि तांबे घासणाऱ्या घरात एक जास्तीची शेड जड नाही.

आम्ही शेवटी घेतली ती ३४ सेंटिमीटर व्यासाची, आतून पांढरी, घंटेसारखी खोल पितळी शेड. पण ती बसवायच्या आधी एक रविवार संध्याकाळ खर्च केली. पंख्यासाठीच्या मूळ हुकाला सुतळी बांधली, होल्डर आणि बल्ब त्यात अडकवला, जाड कागदाची तेवढीच शेड करून घातली. तळलेला बांगडा ताटात घेऊन आई तिच्या खुर्चीत बसली. मी सुतळी एकेक बोट खाली सोडत गेले. शेड टेबलापासून पाऊण मीटरपेक्षा जरा जास्त उंचीवर आली तेव्हा तिनं हात वर केला. समोर बसलेल्या माझ्या मुलाचा चेहरा तिला शेडच्या खालून पूर्ण दिसत होता, आणि बांगड्याच्या कडेचे बारीक काटे ती न वाकता वेचत होती. मी सुतळीला तिथेच गाठ मारली आणि वायरमनला फोन केला.