पट्टे तिन्ही टायसनकडे, मग स्पिंक्सकडे काय होतं?

माइक टायसनचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, 'टायसन विसाव्या वर्षी हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला.' दुसरं, 'तुरुंगातून सुटल्यावर १९९६मध्ये त्याने आपलं जगज्जेतेपद परत मिळवलं.' पहिलं साफ चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे आणि तेच जास्त त्रास देतं, कारण खोडायला गेलं की समोरचा खांद्यावर पट्टा टाकलेल्या टायसनचा फोटो पुढे करतो आणि वाद तिथेच संपला असं मानतो.

दोन्ही वाक्यांच्या मुळाशी घोटाळा एकच आहे. पट्टा ज्याच्याकडे तो विजेता, आणि परंपरेने चालत आलेला विजेता, म्हणजे बॉक्सिंगवाले ज्याला लिनियल चॅम्पियन म्हणतात तो, या दोघांना आपण एकच समजतो. कधी कधी ते एक असतात. पण हेवीवेटच्या इतिहासात वर्षानुवर्षं ती दोन वेगळी माणसं होती.

पट्ट्यांचं गणित बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या बॉक्सिंगच्या चार संघटना, आणि प्रत्येकीचा जगज्जेतेपदाचा आपला पट्टा. प्रत्येकीची क्रमवारी वेगळी, प्रत्येकीचा ठरवून दिलेला आव्हानवीर वेगळा, आणि लढतीला मान्यता देण्याची फी वेगळी. डब्ल्यूबीओ १९८८मध्ये आली, त्यामुळे टायसनच्या चढत्या काळात मोजायचे पट्टे तीनच. सगळे एकाकडे आले की तो निर्विवाद विजेता.

लिनियल विजेत्याला यातलं काहीच लागत नाही. आधीच्या विजेत्याला रिंगमध्ये हरवलं की झालं. १८९२मध्ये न्यू ऑर्लिन्सला जिम कॉर्बेटने जॉन एल. सुलिव्हनला हरवलं, कॉर्बेटला पुढच्याने, त्याला त्याच्या पुढच्याने. या विजेतेपदाला कार्यालय नाही, फी नाही, पट्टाही नाही. आणि जे कोणी दिलेलंच नाही, ते कोणी काढूनही घेऊ शकत नाही. सगळा फरक इथे आहे. पट्टा बैठकीत बसून काढून घेता येतो, पत्र पाठवून दुसऱ्याला देता येतो. परंपरा फक्त रिंगमध्ये हात बदलते.

आता टायसनकडे या. २२ नोव्हेंबर १९८६, लास व्हेगास, दुसरी फेरी. टायसनचा डावा हुक ट्रेव्हर बर्बिकच्या डोक्यावर बसतो. बर्बिक पडतो, उठू पाहतो, पाय त्याचं ऐकत नाहीत, तोल जाऊन पुन्हा कोसळतो, परत उठतो आणि परत भेलकांडतो. एकाच ठोशावर तो रिंगभर पडत राहतो. शेवटी रेफरी मिल्स लेन त्याला कवेत धरून लढत थांबवतो. टायसन तेव्हा वीस वर्षं आणि चार महिन्यांचा होता. हेवीवेटचा जागतिक किताब इतक्या लहान वयात जिंकणारा तो पहिलाच, आणि तो विक्रम शंभर टक्के खरा आहे.

पण त्या रात्री त्याने जिंकला तो डब्ल्यूबीसीचा पट्टा. डब्ल्यूबीए आणि आयबीएफ दुसऱ्यांकडे होते. मार्च १९८७मध्ये त्याने जेम्स 'बोनक्रशर' स्मिथकडून डब्ल्यूबीए घेतला. स्मिथ बारा फेऱ्या त्याला मिठ्या मारत राहिला, ती लढत पुन्हा बघवत नाही. १ ऑगस्ट १९८७ला टोनी टकरला गुणांवर हरवून आयबीएफ घेतला, आणि निर्विवाद विजेता झाला. वय तेव्हा एकवीस. पहिल्या वाक्याचा निकाल इथेच लागला.

मुख्य प्रश्न पुढे आहे. तिन्ही पट्टे टायसनकडे होते, तर जून १९८८मध्ये मायकेल स्पिंक्सशी झालेल्या लढतीचा एवढा गाजावाजा का झाला? स्पिंक्सकडे एकाही मोठ्या संघटनेचा पट्टा नव्हता. तरी असंख्य जाणकार त्यालाच खरा विजेता मानत होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

टायसनच्या तिन्ही पट्ट्यांची दोरी मागे ओढत न्या. डब्ल्यूबीसीचा पट्टा बर्बिकने पिंकलन थॉमसकडून घेतला होता, थॉमसने टिम विदरस्पूनकडून. विदरस्पूनने मात्र तो कोणाकडून घेतला नव्हता. १९८३च्या डिसेंबरमध्ये लॅरी होम्सने तो सोडून दिला, जागा रिकामी झाली, आणि मार्च १९८४मध्ये विदरस्पून आणि ग्रेग पेज तिच्यासाठी लढले. होम्सला हरवलं कोणीच नव्हतं. डब्ल्यूबीएचा पट्टा स्मिथपासून मागे हात बदलत बदलत १९७९पर्यंत जातो. मुहम्मद अलीने निवृत्ती जाहीर केली म्हणून रिकाम्या झालेल्या जागेसाठी जॉन टेट आणि गेरी कुत्सी लढले, तिथे ती दोरी संपते. आयबीएफची तर सर्वांत तोकडी. मे १९८७मध्ये टकरने बस्टर डग्लसला हरवून रिकामा पट्टा जिंकला, आणि तो रिकामा होता कारण संघटनेने तो फेब्रुवारीत स्पिंक्सकडून काढून घेतला होता. स्पिंक्सचा गुन्हा एवढाच की त्याने टकरऐवजी जेरी कूनीशी लढायचं ठरवलं.

तिन्ही दोऱ्यांच्या टोकाला रिकामी खुर्ची आहे. स्पिंक्सच्या दोरीच्या टोकाला माणूस आहे. २१ सप्टेंबर १९८५ला त्याने होम्सला हरवलं. होम्स तेव्हा ४८ लढती अजिंक्य होता, रॉकी मार्सियानोच्या ४९ पासून एक पाऊल दूर. होम्सने १९८०मध्ये निवृत्तीतून परतलेल्या अलीला हरवलं होतं. अलीने १९७८मध्ये लिऑन स्पिंक्सला, म्हणजे मायकेलच्याच सख्ख्या भावाला. कुठेही पत्रव्यवहार नाही, प्रत्येक सांध्यावर एक हरलेला विजेता उभा आहे. (टायसनने जानेवारी १९८८मध्ये होम्सला चौथ्या फेरीत लोळवलं, पण तेव्हा होम्सकडे गमवायला ही परंपरा उरलीच नव्हती.)

२७ जून १९८८, अटलांटिक सिटी. दोघेही अपराजित. शरीरावर बसलेल्या ठोशाने स्पिंक्सने गुडघा टेकला, उठला, आणि पुढच्याच झटापटीत पाठीवर आडवा झाला. एकूण ९१ सेकंद. स्पिंक्स पुन्हा कधी लढला नाही. टायसनचा बाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. बर्बिकच्या रात्री तो विजेत्यांपैकी एक झाला, टकरच्या रात्री सगळ्या पट्ट्यांचा धनी झाला, आणि या रात्री हेवीवेटचा विजेता झाला. मला कोणी एकच तारीख विचारली तर मी हीच सांगेन.

बारीकसारीक फरकांवर मी वेळ घालवत नाही. दोन-तीन पट्टे असलेला एकत्रित विजेता, सगळे असलेला निर्विवाद, हे मोजून कळतं. 'द रिंग' मासिकाचा पट्टा ही वेगळी गोष्ट आहे, बऱ्याचदा परंपरेशी जुळते, नेहमी नाही. 'अंतरिम', म्हणजे तात्पुरत्या, विजेत्यांकडे मी लक्षच देत नाही, तुम्हीही देऊ नका.

परंपरा किती भक्कम असते ते ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत दिसलं. डग्लसने टायसनला दहाव्या फेरीत नॉकआऊट केलं. टायसन गुडघ्यांवर रांगत तोंडातून पडलेला माउथगार्ड चाचपत होता, तो सापडल्यावर त्याचं एक टोक कसंबसं दातांत धरून उभा राहिला. आठव्या फेरीत डग्लस पडला तेव्हा रेफरीने आकडे सावकाश मोजले, अशी तक्रार पुढे करून डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसीने निकालाची मान्यता अडवून धरली. जगभरातून ओरड झाल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. पण ते अडून राहिले असते तरी काय बदललं असतं? पट्टे टायसनकडे राहिले असते आणि विजेता डग्लसच असता.

परंपरा डग्लसकडून त्याच वर्षी इव्हँडर होलीफिल्डकडे गेली, आणि १३ नोव्हेंबर १९९२ला होलीफिल्डकडून रिडिक बोकडे. इथून दुसऱ्या वाक्याची गोष्ट सुरू होते. डब्ल्यूबीसीचा आव्हानवीर होता लेनॉक्स लुईस. बोची बाजू त्याच्याशी लढायला तयार नव्हती. डिसेंबरमध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत बोने डब्ल्यूबीसीचा हिरवा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. संघटनेने तो लुईसला देऊन टाकला. लुईस माझा अतिशय आवडता मुष्टियोद्धा आहे, आणि बोने त्याला टाळलं याचा मला आजही राग येतो. तरीही त्या काळातल्या लुईसला मी पट्टाधारकच म्हणतो. विजेता डबा भरणारा बोच होता, कारण त्याला अजून कोणी हरवलं नव्हतं.

आता तो डब्यातला पट्टा कुठे गेला ते बघा. लुईसकडून १९९४मध्ये ऑलिव्हर मॅकॉल, मॅकॉलकडून १९९५मध्ये फ्रँक ब्रुनो, आणि १६ मार्च १९९६ला ब्रुनोकडून टायसन. सप्टेंबरमध्ये टायसनने ब्रूस सेल्डनला पहिल्याच फेरीत पाडून डब्ल्यूबीएही घेतला. सेल्डनचा पट्टा कुठला? जॉर्ज फोरमनकडून काढून घेतलेला, आणि मग सेल्डन व टकर यांच्यात लढवलेला.

म्हणजे दुसऱ्या खेपेला टायसनने मिळवलेले दोन्ही पट्टे मागे एका कचऱ्याच्या डब्यापाशी आणि एका कार्यालयाच्या टेबलापाशी जाऊन थांबतात. परंपरा दुसरीकडेच होती. बोला होलीफिल्डने परत हरवलं, होलीफिल्डला मायकेल मूररने, आणि ५ नोव्हेंबर १९९४ला मूररला पंचेचाळीस वर्षांच्या फोरमनने, तेही नऊ फेऱ्या मागे पडल्यावर दहाव्या फेरीत. फोरमनने डब्ल्यूबीए आणि आयबीएफ दोन्ही पट्टे पुढच्या काही महिन्यांत गमावले, आणि दोन्ही रिंगबाहेर. १९९६मध्ये टायसन 'परतलेला जगज्जेता' म्हणून मिरवला जात होता तेव्हा हेवीवेटचा विजेता सत्तेचाळिशीतला फोरमन होता, एकही मोठा पट्टा जवळ नसलेला. दोघे कधी लढलेच नाहीत. टायसनने १९९०मध्ये टोकियोत जे गमावलं, ते पुन्हा मिळवण्याची संधी त्याला २००२मध्ये मेम्फिसला मिळाली. समोर लुईस होता, एव्हाना परंपरेचा खरा मानकरी, आणि त्याने टायसनला आठव्या फेरीत संपवलं.

हे कळलं की आणखी एक मिजासखोर वाक्य गळून पडतं. 'अली तीन वेळा विजेता, होलीफिल्ड चार वेळा, म्हणून होलीफिल्ड पुढे.' अलीची तिन्ही विजेतेपदं परंपरेची आहेत. १९६४मध्ये सनी लिस्टन, १९७४मध्ये फोरमन, १९७८मध्ये लिऑन स्पिंक्स, तिन्ही वेळा समोरचा माणूस खरा विजेता होता. होलीफिल्डची पहिली दोन तशी आहेत, डग्लस आणि बो. तिसरं १९९६चं, टायसनकडून घेतलेला डब्ल्यूबीए पट्टा. चौथं २०००चं, लुईसकडून काढून घेतल्यामुळे रिकाम्या झालेल्या त्याच पट्ट्यासाठी जॉन रुईझवर गुणांनी विजय. टायसनवरचा विजय थोर आहे, माझ्या मते होलीफिल्डच्या कारकिर्दीतला सर्वांत थोर. पण चार आणि तीन ही एकाच मापाची संख्या नाही. त्याच मापाने मोजलं तर अली तीन, होलीफिल्ड दोन.

परंपरा निर्दोष आहे असं मात्र नाही. ती चुकीचे निकालही निमूट गिळते. नोव्हेंबर १९९७मध्ये फोरमनविरुद्ध शॅनन ब्रिग्जला विजयी ठरवलं गेलं, तो निकाल बघणाऱ्या फार थोड्यांना पटला, पण विजेता ब्रिग्जच झाला आणि चार महिन्यांनी लुईसने त्याला हरवलं. दुसरी अडचण निवृत्तीची. लुईस २००४मध्ये विजेता असतानाच थांबला आणि दोरी तुटली. पुढची कुठून धरायची यावर एकमत नाही, मी व्लादिमिर क्लिच्कोपासून धरतो. आणि तिसरी, जी मला सर्वांत खुपते, ती जाहिरातीची. टायसन फ्युरीने (हा वेगळा टायसन) २०१५मध्ये क्लिच्कोला हरवलं, पुढे पट्टे गेले, दोनेक वर्षं तो लढलाच नाही, आणि २०१८मध्ये परतल्यावर 'लिनियल' हा जणू पाचवा पट्टा असल्यासारखा पोस्टरवर विकला गेला. दावा खोटा नव्हता. पण ज्या गोष्टीला पट्टाच नाही तिचा पट्टा करून विकला की लोकांचा घोटाळा आणखी वाढतो.

१८ मे २०२४ला रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला हरवलं तेव्हा चारही पट्टे आणि परंपरा एकाच माणसाकडे आली. महिना-दीड महिन्यात उसिकने आयबीएफचा पट्टा सोडला, आणि तो डॅनियल डुबॉयला रिंगबाहेरच मिळाला. सप्टेंबरमध्ये डुबॉयने वेम्बलीवर अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं आणि 'हेवीवेटचा जगज्जेता' असे मथळे आले. डुबॉय तेव्हा आयबीएफचा विजेता होता. हेवीवेटच्या विजेत्याशी त्याची गाठ १९ जुलै २०२५ला पडली, त्याच वेम्बलीवर, आणि उसिकने त्यालाही पाचव्याच फेरीत पाडलं.