कापड शिवायला देण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाटी गल्लीतून कापड घेऊन ग्राहक थेट आमच्याकडे येतात, तेव्हा माप घेण्याआधी आम्ही एकच विचारतो : कापड भिजवले आहे का? मागावर आणि पुढील प्रक्रियेत उभे धागे ताणलेले राहतात. पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो आणि सुती कापड आटते, तेही रुंदीपेक्षा लांबीत अधिक. म्हणून सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून आणावे. टेरिकॉटला त्याची गरज नाही आणि रेशमी कापड घरी भिजवू नये.

अस्तराकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. ब्लाऊजचे कापड न आटणारे आणि अस्तर कोरे सुती असले, की पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडते, वरचे कापड शिवणीपाशी चुण्या धरते आणि कितीही इस्त्री केली तरी त्या जात नाहीत. शिवण उसवावीच लागते. अस्तर आमच्याकडून घेतल्यास ते भिजवूनच वापरले जाते.

मापाचा ब्लाऊज जरूर आणावा, परंतु आम्ही अंगावरूनही माप घेतो, कारण जुना ब्लाऊज वापराने सैलावलेला किंवा मध्येच उसवून वाढवलेला असू शकतो. माप देताना श्वास रोखून धरू नये. तसे माप कागदावर छान दिसते, पण त्या मापाचा कपडा जेवणाच्या पंगतीत काचतो.

ब्लाऊजच्या दोन्ही कुशींना आम्ही साधारण एक इंच आणि पँटच्या मागच्या शिवणीला दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवतो, जेणेकरून पुढे अंग भरले तरी कपडा सैल करता येतो. मुंढ्याला (बाही जोडतो त्या गोलाईला) मात्र जास्त माया ठेवता येत नाही, कारण तिथली शिवण वळणाची असल्याने आतले जादा कापड गोळा होऊन काखेत रुतते. त्यामुळे मुंढा घट्ट वाटत असल्यास ते कच्च्या शिलाईवरच्या ट्रायलच्या वेळीच सांगावे.

पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड मध्यम अंगाच्या माणसास सुमारे १.६० मीटर लागते. ३६ इंच पन्हा असल्यास सव्वादोन ते अडीच मीटर घ्यावे. खणाचा पन्हा लहान असल्यामुळे लांब बाही हवी असल्यास जोड द्यावा लागतो. काठ कुठे यावा हे कापण्यापूर्वी ठरलेले बरे.

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेसाठी बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) शिवायची असल्यास पांढरे सुती कापड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत द्यावे. बाराबंदीला बटणे नसतात. प्रत्येक बंद वेगळा शिवून, उलटवून, दुहेरी टीप मारून लावावा लागतो आणि या कामाला घाई चालत नाही. जूनमध्ये गणवेशांची गर्दी असते, त्या महिन्यात इतर कपड्यांना नेहमीपेक्षा एक आठवडा अधिक लागेल. उरलेले कापड कपड्यासोबत परत दिले जाते, ते मागून घ्यावे.