दोघांसाठी अ‍ॅमेझॉन: मनाऊसपर्यंतच्या बोटीचं बुकिंग करण्याआधी हे वाचा

निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास किंवा लग्नाचा पंचविसावा-तिसावा वाढदिवस, अशा निमित्तानं आमच्याकडे अ‍ॅमेझॉनची चौकशी करणारी जोडपी येतात. बहुतेकांच्या मनात बाल्कनीची खोली असते, समोर सरकणारं जंगल असतं आणि झाडावर पोपटांचे थवे असतात. यातलं बरंचसं खरं आहे. पण ते केव्हा, कुठून आणि किती जवळून दिसतं, हे पैसे भरण्याआधी कळायला हवं. म्हणून हे पत्रक.

हा प्रवास नेमका कसा असतो

फ्लोरिडा किंवा एखाद्या कॅरिबियन बंदरातून समुद्रातली क्रूझ निघते, दोन-चार बेटं करते आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यानं अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी येते. पुढे नदीतून वर ब्राझीलमधल्या मनाऊस शहरापर्यंत जाते आणि बहुधा त्याच वाटेनं परतते. सगळा मिळून साधारण तीन ते चार आठवड्यांचा प्रवास. त्यातला नदीचा भाग एखाद्या आठवड्याचा, बाकीचे दिवस समुद्राचे. ज्यांना बोट लागते त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: मुखापर्यंतच्या समुद्रात बोट हलते, नदीत शिरल्यावर मात्र जवळजवळ स्थिर चालते.

नदी जवळ आल्याचं पाण्यावरूनच समजतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जितकं गोडं पाणी देतात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटी अ‍ॅमेझॉन देते. त्यामुळे किनारा दिसायच्या कितीतरी आधी निळा समुद्र गढूळ होतो. मुखाशी गाळाचा उथळ पट्टा आहे, तिथे जहाजांना भरतीचा हिशेब सांभाळावा लागतो. पुढे विषुववृत्तावरच्या मकापा शहराजवळ नदीची माहिती असलेले स्थानिक वाटाडे जहाजावर चढतात. नदीतल्या वाळूच्या दांड्या जागा बदलत राहतात, तेव्हा वर्षानुवर्षं याच पाण्यात वावरलेला माणूस सुकाणूजवळ लागतोच.

समुद्रापासून मनाऊसपर्यंत नदीच्या वाटेनं सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर आहे. आणि या पूर्ण अंतरात मुख्य नदीवर एकही पूल नाही.

बाल्कनीबद्दल आमचं स्पष्ट मत

अ‍ॅमेझॉन रुंद आहे. ओबिदुस गावाजवळ ती सर्वांत अरुंद होते, तिथेही पात्र जवळपास दोन किलोमीटर भरतं. मोठं जहाज खोल पाण्याच्या मधल्या वाटेनं जातं, त्यामुळे खोलीतून जंगल बहुतेक वेळा क्षितिजावरच्या हिरव्या रेघेएवढंच दिसतं. आकाश, पाऊस, सूर्यास्त, वाहत आलेले ओंडके, गावांची घरं, झोपायला झुले टांगलेल्या, माणसांनी भरलेल्या प्रवासी बोटी, हे सगळं उत्तम दिसतं. प्राणी दिसत नाहीत.

प्राणी आणि झाडं पाहायची तर लहान बोटीत बसून फाट्यांमध्ये शिरावं लागतं. म्हणून हातात ठरावीक रक्कम असेल तर आमचा सल्ला असा, की साधी खोली घ्या आणि वाचलेले पैसे लहान बोटींच्या सफरींवर खर्च करा. त्याहूनही चांगलं म्हणजे मनाऊसपर्यंतचा एकतर्फी प्रवास घ्यावा, तिथे उतरून दोन-तीन रात्री मनाऊसजवळ अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो या उपनदीच्या काठच्या निवासात राहावं आणि विमानानं परतावं. त्याच नदीत वर अनाव्हिल्यानस नावाचा सुमारे चारशे बेटांचा समूह आहे. पाणी चढलेलं असताना तिथलं जंगल खोडांपर्यंत बुडतं आणि होडी थेट झाडांच्या शेंड्यांमधून वल्हवत नेता येते. आमच्या मते या सबंध प्रवासात दोघांनी मिळून करण्यासारखी याहून सुंदर गोष्ट नाही.

तिथे काय दिसेल? गुलाबी डॉल्फिन (स्थानिक नाव बोतो) बऱ्यापैकी खात्रीनं. फांदीला लटकून राहणारा संथ स्लॉथ, मोठ्या चोचीचा टूकन पक्षी आणि रंगीत मकाव पोपट जाणकार वाटाडे दाखवतात. काठाच्या झुडपांत होआत्झिन नावाचा तुरेवाला पक्षी असतो, ज्याच्या पिल्लांच्या पंखांना नख्या असतात. शांत पाण्यात व्हिक्टोरिया कमळाची परातीएवढी पानं. जॅग्वार दिसेल असं वचन आम्ही देत नाही, कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. आणि दुर्बिणी दोन घ्या. एक दुर्बीण दोघांत फिरेपर्यंत पक्षी थांबत नाही.

दोन नद्यांचा संगम

मनाऊसच्या खाली काळी रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोइस (मनाऊसच्या वरच्या अ‍ॅमेझॉनचं ब्राझीलमधलं नाव) भेटतात आणि सुमारे सहा किलोमीटर एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. सोलिमोइस अँडीज पर्वतातला गाळ घेऊन येते. नेग्रोचं पाणी कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे कोऱ्या चहासारखं दिसतं. दोघींचा वेग वेगळा, तापमान वेगळं, घनता वेगळी, म्हणून मिसळायला वेळ लागतो. लहान बोटीतून हात बुडवला तर तापमानातला फरक जाणवतो. नेग्रोचं पाणी आम्लधर्मी असल्यानं तिथे डासही कमी असतात. राहायला तिचाच काठ सुचवतो, त्याचं हे एक कारण.

कोणता महिना

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मनाऊसला नदी साधारण जूनमध्ये सर्वांत वर असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली. 2021 मध्ये तिथली पातळी 30.02 मीटरपर्यंत चढली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये ती 12.11 मीटरवर आली, 1902 पासूनच्या नोंदींतली सर्वांत कमी. म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत जवळजवळ अठरा मीटरचा फरक. मनाऊसचा जुना धक्का तरंगता बांधलेला आहे तो याचसाठी.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. मोठी जहाजं बहुधा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात येतात, तेव्हा पाणी चढत असतं आणि पाऊसही असतो. बुडालेल्या जंगलातून होडी न्यायची तर या काळाचा शेवट चांगला. वाटेवरच्या सांतारेम शहराजवळचं आल्टर दो शाओ हे तापाजोस नदीवरचं गाव पांढऱ्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे, पण ती वाळू पाणी उतरल्यावरच उघडी पडते. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर छायाचित्रांतला किनारा पाण्याखाली असेल. हे आम्ही आताच सांगून ठेवतो.

पावसाला घाबरू नका. मनाऊसला वर्षाला सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात याहून जास्त पडतो आणि तोही चार महिन्यांत. तिथे तो वर्षभर विभागलेला आहे.

मनाऊस आणि रबर

शहरात अर्धा दिवस तरी ठेवा. 31 डिसेंबर 1896 ला उघडलेलं तेआत्रो अमेझोनास हे ऑपेरागृह आतून बघा. त्याच्या घुमटावर ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांतल्या 36,000 कौलफरश्या आहेत. हा सगळा पैसा रबराचा होता आणि ते रबर जंगलात कर्जाखाली दबलेल्या मजुरांनी आणि वेठीला धरलेल्या आदिवासींनी गोळा केलं होतं. वाटाडे संगमरवराबद्दल भरभरून बोलतात, या माणसांबद्दलही त्यांना विचारा. 1876 मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजानं तापाजोसच्या काठची रबराची बियाणं लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवली. तिथून रोपं आशियात आली, मळे उभे राहिले आणि पुढे मनाऊसची भरभराट संपली. केरळातल्या रबराच्या मळ्यांचं मूळ याच नदीकाठी आहे. गोव्यातला काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलमधूनच आणला. बाजारात काजूचं बोंड दिसलं की गोव्याच्या मंडळींना घरचंच वाटेल.

एक विनंती

बोका दा वलेरियासारख्या लहान गावांत जहाज थांबलं की मुलं स्लॉथ, माकडं, मगरीची पिल्लं घेऊन उभी असतात. एक डॉलर दिला की फोटो. कृपया देऊ नका. तो प्राणी जंगलातून पकडून आणलेला असतो, दिवसभर या हातातून त्या हातात जातो आणि बऱ्याचदा जगत नाही. वन्य प्राणी असे पकडून ठेवणं ब्राझीलच्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या कुटुंबांना मदत करायची असेल तर त्यांच्या होडीतून फेरी मारा, लाकडी वस्तू विकत घ्या, रेआल या ब्राझीलच्या चलनाच्या सुट्या नोटा जवळ ठेवा.

लस, जेवण, कपडे

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. साठीच्या पुढे या लसीचा दुर्मीळ पण गंभीर त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. त्यांनी दोघांपैकी एकालाही नको म्हटलं तर आपण दुसरी नदी निवडू. हिवतापाच्या गोळ्यांबद्दलही त्याच वेळी विचारा.

शाकाहारी मंडळींनी जहाजावर आधी कळवलं तर अडचण येत नाही. गावांत मात्र काळ्या घेवड्याच्या उसळीत पुष्कळदा डुकराचं मांस असतं. ‘मांस नको’ म्हटल्यावर कोंबडी किंवा मासा पुढे येऊ शकतो, म्हणून एकेक नाव घेऊन नाही म्हणा. भात, कसावा या कंदाचा भरडा, केळी, कुपुआसू या स्थानिक फळाचं सरबत निर्धास्त घ्या.

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात बूट, आणि जहाजातल्या एसीसाठी शाल. रोजची औषधं दुप्पट. विम्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च हवाच, कारण नदीकाठच्या गावांपासून मोठं रुग्णालय फार लांब असतं.

बुकिंगला येताना

दोघांचे पासपोर्ट आणा. ब्राझीलचा व्हिसा लागतो, आणि बोट अमेरिकेतून निघणार असेल तर तिथलाही; त्याला वेळ लागतो, त्यामुळे लवकर या. गुडघेदुखी, साखर, रक्तदाब, पाण्याची भीती, जे असेल ते सांगा. लहान बोटीत चढताना पायरी हलते, एकाला जमणार नसेल तर दुसऱ्याचीही सफर बुडू नये अशी आखणी आधीच करता येते. आणि शक्यतो दोघंही या. फोनवर एकानं ठरवलेल्या प्रवासात दुसऱ्याला काय हवं होतं, ते आम्हाला कळत नाही.