सुई, टोनआर्म आणि दहा हर्ट्झ

जुनी हाय-फाय जोडणी उभी करताना बहुतेकांचा पहिला खर्च स्पीकरवर होतो. सुरुवात कार्ट्रिजपासून, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या सुई धरणाऱ्या भागापासून, करावी. सुईने खाचेतून जे उचललंच नाही, ते पुढचा कुठलाही भाग परत आणू शकत नाही.

सुई ज्या रबरी टेकूवर डोलते तो म्हणजे स्प्रिंग, आणि कार्ट्रिज व ते धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, हे त्या स्प्रिंगवरचं ओझं. या जोडीची स्वतःची वारंवारता ८ ते १२ हर्ट्झमध्ये यायला हवी. त्याखाली गेली की वाकड्या तबकडीचे हेलकावे तिला झोके देतात. फार वर गेली की ती खर्जात लुडबुडते. हिशेब सोपा आहे: एकूण ग्रॅम गुणिले कंप्लायन्स (टेकू किती लवचीक आहे त्याचा आकडा), त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ ला भागा.

टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलच्या टोनआर्मचं परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारं त्याचं ओझं) १२ ग्रॅम. त्यावर ८.५ ग्रॅमचं डेनॉन डीएल-१०३ कार्ट्रिज आणि स्क्रूंचा १ ग्रॅम धरला की २१.५. डेनॉनच्या माहितीपत्रकात कंप्लायन्स ५ लिहिलेला असतो आणि इथेच अनेक जण फसतात. तो आकडा १०० हर्ट्झला मोजलेला आहे. १० हर्ट्झसाठी तो दीड ते दोन पट करावा लागतो. १० धरला तर उत्तर १०.८ हर्ट्झ. उत्तम जोडी! त्याच टोनआर्मवर ६ ग्रॅमचं, ३० कंप्लायन्सचं नाजूक कार्ट्रिज बसवलं तर ६.७ हर्ट्झ येतात. मग तबकडीवरच्या शांत जागेतही वूफर (खर्जाचा स्पीकर) आत-बाहेर हलताना दिसतो. अशा कार्ट्रिजला ६-७ ग्रॅमचा हलका टोनआर्मच हवा. आणि पन्नास वर्षांत टेकूचं रबर कडक झालं असेल, तर छापील आकडा निरुपयोगी. ठरावीक वारंवारतांचे सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड लावून टोनआर्म नेमका कुठे थरथरतो ते पाहावं.

दुसरा सांधा विजेचा. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलतं अशा) कार्ट्रिजमधल्या तारेच्या वेटोळ्याचं इंडक्टन्स (बदलत्या विजेला होणारा विरोध) आणि केबलची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) मिळून वरच्या पट्टीत उंचवटा तयार करतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स लागते, शुअर व्ही१५ टाइप थ्रीला ४०० ते ५००. व्हीएम९५ई चं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. १५० पिकोफॅरडला त्याचा उंचवटा साडेसतरा किलोहर्ट्झवर असतो, ३५० ला साडेअकरावर उतरतो. गाण्यातला 'स' टोचू लागतो आणि त्यावरची झळाळी मात्र हरवते. टोनआर्मची तार, केबल आणि अँप्लिफायरचं इनपुट, तिन्हींच्या कपॅसिटन्सची बेरीज करावी. कमी पडली तर इनपुटला समांतर छोटा पॉलिस्टायरीन कपॅसिटर, दोन्ही चॅनेलना सारखाच, डाखून भागतं. जास्त झाली तर केबल आखूड करण्यापलीकडे फारसं हाती नसतं.

डीएल-१०३ मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी वेटोळं हलतं असं) असल्याने इथे वेगळं: त्यातून जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. अँप्लिफायरच्या साध्या फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या) इनपुटआधी व्होल्टेज दहापट करणारा १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावा. मग ४७ किलोओहमचं इनपुट कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतं. कार्ट्रिजच्या स्वतःच्या ४० ओहमला ते पुरेसं आहे.

स्पीकरकडे ओहम पाहावेत. क्वाड ३०३ अँप्लिफायर आठ ओहमला ४५ वॅट देतो, सोळाला २८. म्हणून बीबीसीचा मूळ पंधरा ओहमी एलएस३/५ए स्पीकर त्यावर चालतो, पण मोठ्या दिवाणखान्यात कमी पडतो. व्हॉल्व्ह अँप्लिफायर असेल तर स्पीकरच्या ओहमप्रमाणे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा टॅप (जोडणीचं टोक) निवडावा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप्लिफायर कधीही वाजवू नये: भार नसताना व्होल्टेज उसळून ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटू शकतं.