सही रुग्णाची, मर्जी कुणाची?

"चल, जेजुरीला जाऊन येऊ," असं सांगून गाडीत बसवायचं आणि गाडी उभी करायची ती मनोरुग्णालयाच्या फाटकात. नाहीतर आमटीत गोळी कुस्करून घालायची. या युक्त्या आपल्याकडे अनेक घरांना ठाऊक आहेत. घरचे तरी काय करणार, हे खरंच. पण ज्याला फसवलं त्याच्या मनात काय उरतं?

दोरी, कुलूप, इंजेक्शन यांची नोंद ठेवता येते. मनाला जाणवलेली सक्ती कशी मोजायची? 1990च्या दशकात अमेरिकेत जॉन मोनाहन, चार्ल्स लिड्झ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांनाच सरळ विचारलं. त्यासाठीची त्यांची मोजपट्टी मॅकआर्थर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या नावाने ओळखली जाते आणि ती जेमतेम पाच विधानांची आहे. 'इथे यायची कल्पना माझीच होती', 'येण्याबाबत माझ्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन होतं', अशी विधानं. खरं की खोटं, एवढंच सांगायचं.

उत्तरं कागदपत्रांशी जुळेनात. स्वेच्छेने दाखल झाल्याची नोंद असलेल्या काहींना आपल्याला ढकलत आणलं असं वाटत होतं. कायद्याने दाखल केलेल्या काहींना तसं वाटत नव्हतं. समजावणीचा त्रास फारसा नव्हता, धमकी आणि बळजबरी मात्र सलत होती. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की ज्यांचं म्हणणं कुणीतरी नीट ऐकून घेतलं होतं, त्यांना सक्ती कमी जाणवली. अर्थात हा नुसता संबंध आहे. ज्याला रुग्णालय मुळातच नको, त्याला तिथलं सगळंच अन्यायाचं वाटणार, अशीही शंका घेता येते.

तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागेला 2001 साली आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले रुग्ण जागच्या जागी जळून गेले. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळ्यांवर आणि एकांत कोठडीवर बंदी घातली. बांधून ठेवायचं ते तातडीचा धोका टाळायला दुसरा इलाजच नसेल तेव्हा, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. बरं असताना 'मला पुन्हा त्रास झाला तर असे उपचार करा, असे करू नका' हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही या कायद्याने दिला. किती जणांना तो माहीत आहे, हा प्रश्नच.

तोवर ओपीडीत काय दिसतं? रुग्ण समोरच्या खुर्चीत बसलेला आणि डॉक्टर त्याच्या भावाला विचारतात, "झोपतो का रात्री? गोळ्या घेतो का?"